तांदळाच्या डब्यातला फोन

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सूनबाई माहेरी गेलेली, त्यामुळे स्वयंपाकघर पुन्हा माझ्या ताब्यात आलं होतं. संध्याकाळी खिचडी टाकावी म्हणून तांदळाच्या डब्यात वाटी घातली तर खट्ट असा आवाज झाला. हात घालून पाहिलं तर नातवाचा मोबाइल! मी तो बाहेर काढते तोच चिरंजीव धावत आले, "आजी, हात लावू नको त्याला. उद्या संध्याकाळपर्यंत तसाच ठेवायचाय."

चौकशी केल्यावर कळलं, की स्वारी हौदावर हातपाय धुवायला गेली होती आणि खिशातला फोन हौदात पडला.

"पण तांदळात का?"

"तांदूळ पाणी ओढून घेतो. सगळेच ठेवतात."

'सगळेच करतात' हे वाक्य ऐकलं की माझ्यातली जुनी मास्तरीण जागी होते. तीस वर्षांवर मुलांना इतिहास शिकवला आणि वर्गात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की सगळेच करतात तर ते पहिल्यांदा कोणी केलं, कधी केलं आणि का केलं हे विचारा. खिचडी शिजेपर्यंत मी तेच स्वतःला विचारत बसले आणि विचार करता करता पन्नास वर्षं मागे गेले. कारण आमच्या घरातलं पाण्यात पडलेलं हे काही पहिलं यंत्र नव्हे.

पहिलं यंत्र होतं मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. साल १९७४. लग्न होऊन किन्हीराजाला येऊन मला दोनेक वर्षं झाली होती. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, तो झाला १ जुलै १९९८ ला. आम्ही अकोला जिल्ह्यातले. मामाजींकडे एक ट्रान्झिस्टर होता, भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचा. मामाजींना अक्षरओळख नव्हती. आकाशवाणीचं नागपूर केंद्र हेच त्यांचं वर्तमानपत्र. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, पावसाचा अंदाज, सगळं त्यातून. शेतात जाताना बंडीच्या धुऱ्याला तो लटकलेला असायचा.

आजच्या मुलांना सांगावं लागेल म्हणून सांगते. त्याआधीचा रेडिओ व्हॉल्व्हचा असे. आकाराने पेटीएवढा, आणि त्याला घरात वीज लागे. ट्रान्झिस्टरचा शोध लागला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, डिसेंबर १९४७ मध्ये. १९५४ च्या अखेरीस तिकडे पहिला खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तो आपल्या खेड्यापाड्यांत पोचला. वीज पोचायच्या आधी पोचला, ही त्याची खरी करामत. सेल घातले की चालू. यंत्र घराबाहेर पडलं, माणसाबरोबर शेतात गेलं, आणि तेव्हापासूनच ते पाण्यात पडायला लागलं. कपाटावरच्या रेडिओवर कधी पाऊस पडला नव्हता.

तर त्या वर्षी श्रावणात नाल्याला पाणी होतं. बंडी उतारावर कलली आणि ट्रान्झिस्टर पाण्यात गेला. मामाजींनी लगेच काढला. त्यातून अजून घरघर ऐकू येत होती, म्हणून त्यांनी बटण फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं, कानाला लावून पाहिलं. घरी येईपर्यंत घरघर थांबली. आत्याबाईंनी तो चुलीजवळ ठेवला, ओल निघून जावी म्हणून. सकाळी पाहतो तो एका बाजूचं प्लास्टिक वाकलेलं. घरात सुतक असल्यासारखं झालं. मामाजी जेवलेसुद्धा नाहीत नीट.

बाजाराच्या दिवशी तो घेऊन आम्ही मालेगावला गेलो (आमचं मालेगाव, नाशिककडचं नव्हे). बाजारात एक दुरुस्तीवाले पोत्यावर बसायचे. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आधी सेल काढून बाजूला ठेवले, आणि मला आत दाखवलं. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी जमलं होतं. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून ते एकेक पट्टी पुसत गेले. दोन ठिकाणी तार खाल्ली गेली होती, तिथे तापलेल्या सळईने डाख दिला. तासाभराने नागपूर केंद्र लागलं. जुनाट सर्दी झाल्यासारखा आवाज होता, पण लागलं.

मी म्हटलं, "पाण्याने किती नुकसान केलं हो!"

ते म्हणाले, "पान्यानं नाही मरत बाई हे. पान्यात वीज चालू राह्यली का मंग मरते. सेल तवाच काढाले पायजे होते."

त्या वेळी मी नुसती मान हलवली. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला एकतीस वर्षं लागली.

त्या वाक्याच्या आधीचाही एक काळ होता. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्याने पुढे खडकवासला फोडलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमच्या यजमानांचे एक काका तेव्हा पुण्यात नोकरीला होते. त्यांचं मनगटी घड्याळ दोन दिवस चिखलात होतं. घड्याळजीने ते उघडून, सगळी चाकं पेट्रोलमध्ये धुऊन, तेल देऊन चालू केलं. पुढे ते घड्याळ काकांनी निवृत्तीपर्यंत वापरलं. त्या काळी तर सांगायचेच, की घड्याळ भिजलं आणि घड्याळजी जवळ नसेल तर ते रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवा, म्हणजे गंजणार नाही. चावीच्या घड्याळात वीज नाही. त्याला शत्रू एकच, गंज, आणि गंज चढायला वेळ लागतो. त्यामुळे माणसाच्या हातात दिवस असायचे. ट्रान्झिस्टरने ते दिवस कमी करून तासांवर आणले, कारण त्याच्या पोटात सेल होते.

हे असं का होतं? मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली इतिहासाची बाई. वीज हा माझा प्रांत नाही. पण आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एकदा मला ते फार छान समजावून दिलं होतं. अगदी शुद्ध पाण्यातून वीज जवळपास वाहतच नाही. पण नाल्याचं, विहिरीचं, नळाचं पाणी शुद्ध नसतं, त्यात क्षार विरघळलेले असतात. आठवी-नववीत आपण मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडून सेल जोडतो. एक पट्टी झिजते, दुसरीवर तांबं चढतं. यंत्र चालू असताना त्यात पाणी गेलं की नेमका हाच प्रयोग आत सुरू होतो. एका तारेचं तांबं विरघळून दुसरीकडे निघतं, केसासारखे बारीक धागे वाढतात, नको तिथे दोन तारा जोडल्या जातात. सेल काढले की प्रयोग बंद. नाही काढले, तर वरून कोरडं दिसणारं यंत्र आतून खाल्लं जात राहतं. आणि पाणी उडून गेलं तरी क्षार मागे राहतात, ते हवेतली ओल धरून ठेवतात. म्हणून नुसतं वाळवणं पुरेसं नाही, पुसून काढणं महत्त्वाचं.

सरांनी त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने मी चकित झाले. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ अटलांटिक समुद्रात कोसळलं. घातपात होता तो, ३२९ माणसं गेली. विमानातली ध्वनिमुद्रणाची आणि नोंदी ठेवणारी पेटी जुलैमध्ये सुमारे २,००० मीटर खोलीवरून यंत्रमानवाच्या हातांनी वर काढली गेली. त्या पेट्या मुंबईला आणल्या आणि भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांची तपासणी झाली. इतके दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही आतल्या फितीवरचं ऐकता आलं! सर म्हणाले, "बाई, समुद्रातून काढलेली अशी पेटी वाळवत नाहीत. गोड्या पाण्यातच बुडवून प्रयोगशाळेपर्यंत नेतात." मला आधी ते उलटंच वाटलं. पण खारं पाणी वाळलं की मीठ चिकटून बसतं आणि हवा लागली की गंजाला जोर येतो. म्हणून आधी मीठ धुवायचं, मग वाळवायचं, आणि तेही उघडून, जाणकार माणसाच्या हातून. मालेगावच्या पोत्यावरची पद्धत आणि ट्रॉम्ब्यातली पद्धत यांचा क्रम एकच: आधी वीज तोडा, मग घाण काढा, मग वाळवा.

आता येते मी २००५ वर. २६ जुलै. मुंबईकर नातेवाइकांना नुसती तारीख सांगितली तरी पुरे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच वेळी जेमतेम ७३-७४ मिलिमीटर. आमच्या वाशीमकडे पावसाळाभर जेवढा पडतो त्याला जवळ जाणारा पाऊस एका दिवसात. वर समुद्राला भरती.

माझा मुलगा तेव्हा कलिन्याला नोकरीला होता आणि कुर्ल्याला एका मित्राबरोबर खोली घेऊन राहत होता. मध्ये मिठी नदी. दोघांकडे एकाच जातीचा फोन, नोकिया ११००. हा फोन २००३ मध्ये आला होता, डोक्यावर टॉर्च असलेला, धूळ जाऊ नये म्हणून सलग रबरी बटणांचा. जगभरात तो पंचवीस कोटींच्या वर विकला गेला म्हणतात. आमच्या गावात तर लग्नात आहेर म्हणून दिलेला मी पाहिला आहे.

इकडे आम्ही टीव्हीपुढे बसलेलो. मंगळवारी रात्री फोन लागेना. बुधवारी लागेना. 'संपर्क होऊ शकत नाही' हे वाक्य त्या दोन दिवसांत मी इतक्या वेळा ऐकलं, की अजूनही ते ऐकलं तर पोटात गोळा येतो. यजमान देवळात जाऊन बसले. मी घरात येरझारा घालत होते. मामाजी तेव्हा नव्हते, पण त्यांचा ट्रान्झिस्टर होता, आणि वीज गेली तेव्हा बातम्या त्याच्यावरच ऐकल्या. गुरुवारी दुपारी घरच्या फोनची घंटा वाजली. मुलगा पीसीओवरून बोलत होता. "आई, मी ठीक आहे." पुढचं मला फारसं ऐकू आलं नाही.

पुढे गणपतीत तो घरी आला तेव्हा सगळं सांगितलं. दोघे मित्र एकाच रस्त्याने, छातीएवढ्या पाण्यातून निघाले होते. दोघांनी फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवले आणि दोन्ही पिशव्यांत पाणी गेलं. मुलाचा फोन चालू होता. तो दर अर्ध्या तासाने मला लावून बघायचा. रात्री एका अनोळखी कुटुंबाने जिन्यात आसरा दिला, तिथेही लावत बसला. मध्यरात्री पडदा विझला तो कायमचा. मित्राच्या फोनची बॅटरी मात्र दुपारीच संपली होती. तो बिचारा स्वतःच्या नशिबाला दोष देत होता. पण खोलीवर पोचल्यावर त्याने फोन उघडला, बॅटरी आणि सिम काढलं, गटाराचं पाणी गेलेलं म्हणून सगळे भाग प्यायच्या पाण्याने धुतले, पुसले आणि चार दिवस पंख्याखाली ठेवले. त्याचा फोन पाचव्या दिवशी चालू झाला. माझ्या मुलाचा कधीच झाला नाही.

एकच रस्ता, एकच पाणी, एकाच जातीचे दोन फोन. ज्याच्यात वीज होती तो मेला, ज्याच्यात नव्हती तो जगला. मालेगावच्या त्या माणसाचं वाक्य मला त्या दिवशी कळलं.

आणि आणखी एक गोष्ट कळली, ती मी कुणाला सांगितली नाही. माझ्या मुलाने फोन बंद केला नाही, कारण त्याला माझा आवाज ऐकायचा होता. मामाजींनी नाल्याकाठी बटण फिरवून पाहिलं तेही असंच. ज्या गोष्टीत आपला जीव अडकलेला असतो ती चालते का, हे पाहिल्याशिवाय आपल्याला राहवत नाही, आणि त्या पाहण्यानेच ती जाते.

असो. मुलाचं सिम मात्र वाचलं होतं. सगळे नंबर त्यातच होते. दुसरा फोन घेतला, सिम घातलं, काम झालं. तेव्हा फोनमध्ये माणसाचं आयुष्य नव्हतं, नंबर तेवढे होते.

तांदळाचं कोडं मात्र अजून सुटायचं होतं. नातवाला मी जे विचारलं ते थोडं वाचून पाहिलं. फोनच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकात, उष्ण आणि दमट मुलखात कॅमेरे कोरडे राहावेत म्हणून त्यांच्याबरोबर तांदूळ ठेवण्याचा सल्ला फोटोग्राफीच्या मासिकांत दिला जाई. आपल्याकडेही पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतातच. म्हणजे ही युक्ती होती दमट हवेसाठी. आत शिरलेल्या पाण्यासाठी नव्हे. मोबाइल आले आणि कधीतरी तीच युक्ती तिकडे ढकलली गेली. कच्चा तांदूळ फोनच्या आतलं पाणी काही ओढून काढत नाही. उलट त्याची पीठी आणि कण्या चार्जिंगच्या भोकात जातात. २०२४ च्या जानेवारीत अॅपल कंपनीनेच आपल्या ग्राहकांना सांगितलं, की फोन तांदळात ठेवू नका, गरम हवा मारू नका, हलकेच झटकून हवेशीर जागी ठेवा. मग लोकांचे फोन चालू होतात ते कसे? ते दोन दिवस बंद राहिले म्हणून. तांदळात ठेवलेला फोन माणूस दोन दिवस चालू करत नाही, हाच काय तो तांदळाचा गुण. कावळा बसायला आणि फांदी तुटायला...

पण या दोन दिवसांची किंमत किती असू शकते, ते आमच्या घराने २०२४ च्या पोळ्याला पाहिलं.

त्या वर्षी पोळा होता २ सप्टेंबरला. आदल्या दिवसापासून मराठवाड्यात आणि आमच्या पट्ट्यात धो धो पाऊस. माझा पुतण्या सकाळी बैल सजवायचे सोडून शेतात धावला. सोयाबीन शेंगांनी भरलेलं आणि गुडघाभर पाण्यात. त्याने फोनवर फोटो काढले. पीक विम्याचा तेव्हाचा नियम त्याला ठाऊक होता, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत अॅपवर किंवा फोनवर कळवायचं. (२०१६ मध्ये योजना आली तेव्हा हे ४८ तास होते, २०१८ मध्ये ७२ झाले. पुढे २०२५ च्या खरिपापासून राज्यात विम्याची पद्धतच बदलली, तो वेगळा विषय.) परत येताना नाल्यात पाय घसरला आणि सदऱ्याच्या खिशातला फोन पाण्यात गेला.

घरी येऊन त्याने काय करावं? तांदळात ठेवला. सगळेच ठेवतात! बुधवारी संध्याकाळी काढला. पडदा उजळला. आनंदाने त्याने तो चार्जिंगला लावला, आणि दहा मिनिटांत फोन गरम होऊन बंद पडला. गुरुवारी सकाळी तो माझ्याकडे आला. "मोठ्याई, आता काय करू? आज मुदत संपते." चाळिशीचा गडी, पण चेहरा अगदी मामाजींचा झाला होता, ट्रान्झिस्टर चुलीजवळ ठेवला होता त्या रात्रीचा.

नातवाने टाचणीने सिमची खाच उघडली, सिम माझ्या फोनमध्ये घातलं. ओटीपी आला. मुदतीच्या तासभर आधी नुकसान कळवून झालं. हे तो सोमवारीच करू शकला असता, पण सिम बाहेर काढावं हे सुचलंच नाही, कारण सिमसुद्धा फोनबरोबर तांदळातच होतं. फोटो मात्र गेले. गुरुवारपर्यंत शेतातलं पाणी ओसरलं होतं. नव्याने काढलेल्या फोटोत पिवळं पडलेलं सोयाबीन दिसत होतं. गुडघाभर पाणी नव्हतं.

फोन घेऊन आम्ही मालेगावला गेलो. पोत्यावरचे गृहस्थ कधीच गेले. आता काचेचं दुकान आहे आणि पंचविशीचा एक मुलगा. त्याने गरम पट्टीवर ठेवून फोनची पाठ सैल केली, कारण ती गोंदाने चिकटवलेली असते, बॅटरीही तशीच. मग भिंगाखाली मला दाखवलं. तेच हिरवं! पन्नास वर्षांनी तेच. म्हणाला, "आजी, त्याच दिवशी आणला असता तर मी बॅटरी काढून, धुऊन दिला असता. तांदळात दोन दिवस गेले आणि चार्जिंगने उरलेलं केलं." बोर्ड मेला होता आणि फोटो त्या बोर्डावरच्या चिपमध्ये होते. पुतण्याला पुढे थोडेफार पैसे मिळाले. फोटो असते तर जास्त मिळाले असते का, हे मी सांगू शकत नाही. पण त्याच्या मनात ते राहिलं आहे.

मी परतताना विचार करत होते. मामाजींचा ट्रान्झिस्टर उघडायला एक नाणं पुरत असे. नोकियाचं झाकण अंगठ्याने सरकवलं की बॅटरी हातात. आणि आता बॅटरी काढायला गरम पट्टी लागते. पाण्यापासून बचाव म्हणून असं बंद केलं, असं सांगतात. त्यात तथ्य आहे. आयपी ६७ लिहिलेला नवा फोन एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकावा अशी चाचणी असते. पण तो रबर आणि गोंद जुना होतो, फोन दोनदा पडला की फट राहते, आणि हौदाचं पाणी काही चाचणीचं पाणी नसतं. शिवाय २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ५ ला हीच आयपी ६७ ची पत होती आणि त्याची बॅटरी हाताने काढता येत होती. म्हणजे दोन्ही जमतं, मनात असलं तर. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला, की काही अपवाद सोडून १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. बघू या.

माझी तक्रार फोन बंद झाल्याची तेवढी नाही. नेमका ज्या काळात तो आपल्याला उघडता येईनासा झाला, त्याच काळात आपण त्यात सगळं भरलं. बँक, सातबारा, आधार, विमा, फोटो, नातवंडांचे आवाज. आणि उघडायचं कसं हे माहीत असणारा माणूस तालुक्याच्या गावी एखादाच.

म्हणून घरच्यांसाठी लिहून ठेवते, म्हातारीचं ऐका. फोन पाण्यात पडला तर चालतो का ते पाहू नका, बंद करा. चार्जिंगला मुळीच लावू नका. सिम लगेच काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, निम्मी कामं तिथेच सुटतात. बॅटरी निघत असेल तर काढा. निघत नसेल तर पुसून, भोक खाली करून, पंख्यासमोर ठेवा आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. चूल नको, गॅस नको, केस वाळवायचं यंत्र नको. आणि तांदूळ खिचडीला राहू द्या.

नातवाचा फोन मी त्याच रात्री डब्यातून काढला आणि सकाळच्या पहिल्या गाडीने त्याला मालेगावला पाठवलं. त्या मुलाने उघडला, चार्जिंगच्या भोकाजवळ हिरवं नुकतंच धरू लागलं होतं, ते स्पिरिटने पुसलं. फोन चालू आहे, आवाज थोडा बसका येतो. नातू सगळ्यांना सांगत फिरतोय, की एक रात्र तांदळात ठेवला म्हणून वाचला. मी गप्प बसले. इतिहास असाच लिहिला जातो.

एक काम मात्र केलं. दोनशे पानी वही आणून घरातल्या सगळ्यांचे आणि नातेवाइकांचे नंबर शाईने लिहून काढले. वही दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे. लिहिताना लक्षात आलं, की पुण्याच्या काकांच्या नातवंडांपैकी कुणाचाच नंबर माझ्याकडे नाही. वाचत असाल तर कळवा. फोन करूनच कळवा, म्हणजे बोलणंही होईल.